हॉर्नमधला गाळ

खोटं बोलून आजवर कधी सापडलो नाही अशी ज्याला घमेंड असेल, त्यानं ट्रकचा भिजलेला हॉर्न घेऊन एकदा निपाणीला आमच्या व्याह्यांकडे जावं. कोर्टात साक्षीदार फिरतात, निवडणुकीनंतर पुढारी फिरतात, लग्नाच्या बैठकीत तर दोन्हीकडची माणसं दर पाच मिनिटांनी फिरतात. पण व्याह्यांच्या समोरच्या लाकडी स्टुलावर बसलेला माणूस शेवटपर्यंत खोट्याला चिकटून राहिला, असं त्यांच्या चाळीस वर्षांच्या धंद्यात एकदाच घडलं. तो माणूस मी. मी ड्रायव्हर नव्हे. बेळगावच्या एका हायस्कूलचा निवृत्त मुख्याध्यापक आहे, आणि खोटं बोलणाऱ्या पोरांना वर्गाबाहेर अंगठे धरून उभं करण्याबद्दल माझी चांगली ख्याती होती.

व्याह्यांचं पहिलं दर्शन मला झालं ते फक्त त्यांच्या पायांचं. लेकीनं आपलं आपणच जमवलं होतं. मुलगा बेळगावातच एका कारखान्यात इंजिनिअर, वागायला नम्र, दिसायला बरा. त्यामुळे नाक मुरडायला काही तरी सापडावं म्हणून मी आणि बायको निपाणीला त्याचं घर बघायला गेलो. हायवेच्या कडेला पत्र्याचं शेड, दारात तीन ट्रक, आणि मधोमध जमिनीवर एक जुनी, ठिगळाठिगळांची वाकळ. त्या वाकळेतून दोन पाय बाहेर आले होते आणि आत कुणीतरी रेडकाचं तोंड दाबून धरलंय असा आवाज येत होता. बायको माझ्यामागे सरकली. बाजूला चहा पीत बसलेला एक ड्रायव्हर म्हणाला, "घाबरू नका वैनी, आण्णा टेस्टिंग करायलेत." थोड्या वेळानं वाकळ बाजूला झाली आणि पांढऱ्या मिशांचे एक काटकुळे गृहस्थ हातात हॉर्न धरून उठून बसले. ऐकू येईल न येईल अशा आवाजात म्हणाले, "या, पावणं. रस्त्यापल्याड बाळंतिणीचा दवाखाना हाय न्हवं, म्हणून वाकळंत वाजवतो." तो दवाखाना बारा वर्षांपूर्वीच तिथून हलला होता, हे मला नंतर कळलं. पण वाकळेची सवय लागली ती लागलीच. शिवाय त्यांचं म्हणणं असं की, हॉर्नचा खरा सूर ऐकायचा तर त्याच्यासोबत एका पांघरुणात शिरावं लागतं.

आयुष्यभर दुसऱ्यांचे हॉर्न वाजते करणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या स्कूटरला हॉर्न नाही. "मी वाजवला तर लोक बाजूला हुईत न्हाईत," ते सांगतात, "टेस्टिंग चाललंय म्हंत्यात." त्यामुळे बाजारात गर्दी लागली की ते स्कूटर बंद करतात, उतरतात आणि ढकलत नेतात. घरात कुणी भांडं आपटलेलं त्यांना खपत नाही. विहीणबाई मात्र खणखणीत. हाक मारली की तीन ट्रकांचे ड्रायव्हर एकदम "ओ" देतात. ट्रकला हॉर्नची जोडी असते, एक बारीक सुराचा आणि एक जाड सुराचा, आणि व्याह्यांच्या मते संसाराचंही तसंच असतं; एकटा वाजला तर कुत्रंसुद्धा हलत नाही. माणसांची परीक्षा ते आवाजावरूनच करतात. माझा मेहुणा वकील आहे. लग्नाच्या बैठकीत त्याचं बोलणं पाऊण तास ऐकून घेतल्यावर व्याही माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "ह्यांचं पॉइंट चिकटल्यात." म्हणजे बटण सोडलं तरी वाजतच राहणारा हॉर्न. मला मोठी गंमत वाटली आणि हावरटासारखं मी विचारलं, "आणि माझं?" त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "आवाज दणदणीत हाय, पर कार्बन धरलाय. लई वर्सं एकच वाजीवलं की धरतोय."

खरं सांगायचं तर मला त्यांची लाज वाटायची. आमचं घराणं वकिलांचं, मास्तरांचं, कारकुनांचं. शाईखेरीज दुसरा डाग आमच्या सात पिढ्यांत कुणाच्या बोटाला लागलेला नाही, आणि त्याचाच आम्हाला अभिमान. लग्नपत्रिकेत व्याह्यांच्या नावाखाली मी परस्पर 'वाहन उद्योजक' असं छापून घेतलं. पत्रिका पाहून त्यांनी अगदी निरागसपणे विचारलं, "हे कोण?" साखरपुड्यात तर त्यांनी कमालच केली. बेळगावात हॉल घेतला होता, भटजी ऐन रंगात आले होते, अंगठ्या तबकात आल्या होत्या, आणि तेवढ्यात बाहेरून एक ट्रक चिरक्या आवाजात हॉर्न देत गेला. व्याह्यांचे कान टवकारले. "स्क्रू ढिला झालाय," असं पुटपुटत ते कपाळावरच्या कुंकवासकट आणि खांद्यावरच्या उपरण्यासकट उठून चालू लागले. वीस मिनिटं तबक तसंच. परत आले तेव्हा उपरण्याला ग्रीस लागलं होतं. "चोर्ला घाटात निघाला हुता," ते मला म्हणाले, "तसा कसा जाऊ द्यायचा?" पाहुण्यांना मी सांगितलं की त्यांना रक्तदाबाचा त्रास आहे, जरा हवेवर गेले होते. त्या वेळी मला हे खोटं बोलणं वाटलंसुद्धा नाही.

पावसाळा म्हणजे व्याह्यांचा हंगाम. ट्रकचे हॉर्न असतात पुढच्या जाळीमागे, बंपरच्या उंचीवर. गाडी पुराच्या पाण्यात घातली की गढूळ पाणी तिथं शिरतं, आतला पातळ पत्रा गाळानं जड होतो, पॉइंट गंजतात, आणि बटण दाबलं की गाडी गुळण्या करायला लागते. दुरुस्ती तशी सरळ आहे. हॉर्न उघडायचा, पेट्रोलनं धुवायचा, पॉइंट काचपेपरनं घासायचे, वाळवायचा, नवं पॅकिंग घालून बंद करायचा आणि मागचा स्क्रू पाव पाव फेरा फिरवत सूर लावायचा. पण पान्याला हात घालण्याआधी व्याही स्टूल पुढे करतात आणि विचारतात, "पानी किती हुतं?" आता कुठला ड्रायव्हर मालकाची गाडी पाण्यात घातली म्हणून कबूल करेल? "पानी कुठलं आण्णा, पावसाचं शिंतोडं!" किंवा "काल गाडी धुतलती." व्याही वाद घालत नाहीत. हॉर्न उघडतात, वर्तमानपत्रावर आपटतात, पडलेला गाळ बोटांत चोळतात आणि हुंगतात. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे वेदगंगेचा गाळ तांबूस असतो, हिरण्यकेशीच्या गाळाला उसाच्या पाचटाचा वास येतो, आणि निपाणीच्या ओढ्यातला असेल तर हुंगणाऱ्याला शिंक येते, कारण त्यात तंबाखू असते. मग ते नुसते बघत बसतात. ना राग, ना घाई. मोठमोठे मिशाळ ड्रायव्हर त्या नजरेखाली दोन मिनिटांत विरघळतात. "कंबरंएवढं हुतं, आण्णा." की व्याह्यांचा चेहरा उजळतो. "आता कसं! चल, चाकं खोल."

कारण हॉर्नपर्यंत पाणी चढलं म्हणजे चाकांच्या ड्रममध्येही शिरलेलं असतं, आणि गाळ भरलेले ब्रेक उतारावर दगा देतात. फार वर्षांपूर्वी, हे स्टूल आणि ही नजर नव्हती तेव्हा, एकजण "पाऊस" म्हणाला, व्याह्यांनी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि नुसता हॉर्न करून दिला. त्याच संध्याकाळी तो उतारावर गेला. जीव वाचला, पण एक पाय गेला. अजूनही तो कधी कधी कुबडी टेकत शेडवर येतो. व्याही त्याला चहा पाजतात आणि त्या दिवशी दुसरं काम हातात घेत नाहीत. तेव्हापासून प्रत्येक हॉर्नमधला चिमूटभर गाळ ते खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवतात. वर चिठ्ठी डकवायची, नदीचं नाव आणि पाणी किती ते लिहायचं. अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. शेडमधल्या दोन फळ्या त्या बाटल्यांनी भरल्या आहेत, आणि गणपतीत घर झाडतात तेव्हा विहीणबाई दर वर्षी त्या फेकून देण्याची धमकी देतात.

आता माझ्यावर येतो. येणं टाळत होतो, हे वाचणाऱ्यांच्या ध्यानात आलंच असेल.

लेकीचं पहिलं बाळंतपण आमच्याकडे झालं. नातू तीन महिन्यांचा झाला, तेव्हा श्रावणात तिची बाळासह पाठवणी ठरली. बाळाबरोबर आजोळचा पाळणा द्यायचा असतो. मी खानापूरच्या सुताराकडून सागवानी पाळणा करवून घेतला. वर पोपट, खाली मोर, आणि चौकट अशी की तीत नातवासकट मीही झोपलो असतो. तो टेम्पोत मावला असता. पण हॉर्नवाल्याच्या दारात पाळणा कसा यावा, तर ट्रकमधून, असं माझ्या मनानं घेतलं. मारुती नावाचा माझा एक जुना विद्यार्थी बेळगावात एका गुळाच्या व्यापाऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. गाडी रिकामीच कोल्हापूरला निघाली होती. सरांचं काम म्हणून त्यानं मालकांची परवानगी काढली. दिवस शुक्रवार. शुक्रवारचा राहुकाळ साडेदहाला लागतो. पाळणा आणि मी त्याच्या आत निपाणीत पोचायचं, आणि लेक, बाळ, बायको आणि मेहुणा यांनी कारमधून बारानंतर यायचं, असं मी कागदावर आखलं. आदल्या दिवशी व्याह्यांचा फोन आला. "पावणं, पाऊस लई हाय. राहुकाळ-बिहुकाळ आमी बघत न्हाय. सावकाश या. दुपारी आला तरी पाळणा पाळणाच ऱ्हातोय." मी म्हणालो, "तुमच्याकडे नसतील बघत. आमच्याकडे बघतात."

सव्वानऊला संकेश्वरच्या अलीकडे रस्त्याच्या कामामुळे गाड्यांची ही लांब रांग. मी घड्याळ बघायला लागलो. त्या भागात मी उमेदीच्या काळात नऊ वर्षं शिकवलं आहे, मारुती तिथलाच. मी त्याला आतल्या रस्त्यानं गाडी घ्यायला लावली. दोन मैलांवर ओढ्याची फरशी, म्हणजे बिनकठड्याचा बुटका पूल, लागली. नेहमी ती कोरडी असते. त्या दिवशी हिरण्यकेशीचं पाणी फुगून ओढ्यात चढलं होतं आणि फरशीच्या कडेचे दगड दिसत नव्हते. मारुतीनं गाडी थांबवली.

"सर, न्हाय जमायचं."

"अरे, गुडघाभर आहे. मी नऊ वर्षं या फरशीवरून सायकल मारली आहे."

"मालकांनी सांगून ठेवलंय सर, पानी दिसलं की गाडी हुभी करायची. माझ्या आधीच्याला ह्याच्यावरनंच काढलंय." मग जरा थांबून, माझ्याकडे न बघता, "घरात दोन ल्हान पोरं हायत, सर."

"मारुती," मी म्हणालो, आणि माझा आवाज आपोआप वर्गातला झाला, "मी सांगतोय ना? काही झालं तर मी आहे."

सहावीत असताना माझ्या याच आवाजाला तो उभा राहायचा. त्यानं गिअर टाकला. पाणी गुडघाभर नव्हतं. मध्यावर ते दिव्यांच्या काचांवर आपटायला लागलं, गाडी एका अंगाला सरकल्यासारखी झाली, आणि मी ज्या ज्या देवांना आयुष्यात कधी नारळ दिला नव्हता त्या सगळ्यांना कबूल केला. पलीकडे चढलो तेव्हा मारुतीचा शर्ट घामानं भिजला होता. रस्त्यात एक म्हैस उभी होती. त्यानं हॉर्न दाबला. गाडीनं एक गुळणी केली. म्हशीनं मान वळवून बघितलं आणि पुन्हा रवंथ सुरू केला.

दहा वाजून दहा मिनिटांनी आम्ही निपाणीत होतो. वळणावर हॉर्न दे, म्हणजे बायका आरती घेऊन येतील, असा व्याह्यांचा निरोप मी मारुतीला दिला होता. त्यानं इमानानं दिला. तो आवाज ऐकून आरती धरलेल्या बायका हसल्या, गल्लीतली पोरं हसली. व्याही तेवढे हसले नाहीत. पाळणा उतरला, ओवाळून झाला, मोर-पोपटांचं कौतुक झालं. राहुकाळाच्या आत वीस मिनिटं राखून कसं पोचलो, हे मी चारचौघांना दोनदा सांगितलं. व्याही तोवर बंपरमागे हात घालून हॉर्न काढत होते. सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, "पानी किती हुतं?"

मारुतीनं माझ्याकडे बघितलं.

मी म्हणालो, "पाणी कुठलं, व्याही? पाऊस काय कमी होता वाटेत!"

त्यांनी हॉर्न उघडला, कागदावर आपटला. काळपट गाळाचा गोळा पडला, पाचटाचा एक तुकडा पडला आणि बोटाच्या पेराएवढी गोगलगाय पडली, ती चालायला लागली. व्याह्यांनी गाळ हुंगला. मग माझ्याकडे बघितलं. त्या नजरेनं मी पस्तीस वर्षं पोरांकडे बघत आलो होतो, पण तिच्या समोरच्या बाजूला कधी बसलो नव्हतो.

"पाऊसच न्हवं, पावणं?"

"पाऊसच."

"बरं," ते म्हणाले, आणि मारुतीला म्हणाले, "चाकं खोलू या."

कार दीडला आली, सगळी मंडळी सुखरूप. पंगत बसली. यजमान ट्रकखाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणजे माझ्या खोट्याची नव्हे, त्यांच्या अर्ध्या विजारीची लाज वाटली. मेहुण्याला मी हसत हसत म्हणालोसुद्धा, "त्यांना कामाशिवाय चैन पडत नाही." मारुती हातपाय धुऊन आत आला होता आणि वाढणाऱ्यांना हातभार म्हणून पाण्याचा जग घेऊन पंगतीतून फिरत होता. तेवढ्यात माझा फोन वाजला. गुळाचे व्यापारी, मारुतीचे मालक.

"सर, आमच्या ओळखीच्या एकानं आमची गाडी फरशीवर पाण्यात बघितली म्हणतो. मारुतीनं घातली काय? तुम्ही शेजारीच होता. तुम्ही सांगाल ते मी खरं मानतो."

समोर श्रीखंड होतं. डाव्या हाताला मेहुणा, उजवीकडे जावई, समोरच्या रांगेत लेक मांडीवर बाळ घेऊन. कागदावरचा तो राहुकाळ, वीस मिनिटं, "आमच्याकडे बघतात", सगळं एकदम आठवलं. आणि मी म्हणालो, "मला जरा डुलकी लागली होती हो. काही लक्षात नाही."

मारुती माझ्यापुढेच वाकलेला होता. त्यानं माझा पेला भरला, एक थेंब बाहेर न सांडता, आणि पुढच्या पानाकडे गेला. मालक म्हणत होते, "मग त्याला सांगा, गाडी तिथंच ठेव आणि एसटीनं घरी जा. उद्यापासून येऊ नको." मी फोन कानाला धरून नुसता बसून राहिलो. काही झालं तर मी आहे, असं म्हणणारा मी.

"कोण हाय? मालक? द्या हिकडं." दारात व्याही उभे होते. ग्रीसचे हात लागू नयेत म्हणून त्यांनी फोन दोन बोटांत, मेलेल्या उंदरासारखा धरला. आणि त्या माणसाचा मोठा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला.

"नमस्कार मालक. निपाणीचा हॉर्नवाला बोलतोय. गाडी पान्यात मी घालाय लावली. देवाशप्पथ. मीच फोन केलता, राहुकाळाच्या आत पाळणा पायजेच म्हणून हट्ट धरला, देवाशप्पथ. पोरगं न्हाय न्हाय म्हणत हुतं. पावणं झोपलं हुतं. चारी ड्रम धुतल्यात, मागचं ऑइल पान्यानं चहागत झालं हुतं ते बदलतोय. गाडीचं काय सांगायचं ते मला सांगा, पोराला न्हाय. चूक म्हाताऱ्याची हाय, देवाशप्पथ."

 विहीणबाई हातात भाताचं पातेलं घेऊन तशाच उभ्या. "तुमी?" त्या म्हणाल्या, "तुमी आणि राहुकाळ?" मेहुणा माझ्याकडे वाकून कुजबुजला, "काय हट्टी माणूस आहे हो! एवढ्या पुरात?" आता तरी बोलावं की नाही? तोंडात घास होता. तो मी गिळला आणि पुढचा घास घेतला. व्याह्यांनी फोन माझ्या पानाशेजारी ठेवला. त्यांचा आवाज पुन्हा खाली गेला होता. "जेवा पावणं. भात गार हुतोय."

मारुतीची नोकरी राहिली. संध्याकाळी त्यानं गाडी काढली आणि वळणावर एकदाच हॉर्न दिला. स्वच्छ, गोल आवाज. मी आत पाळण्याच्या दोऱ्या आवळत होतो. त्या आधीच आवळलेल्या होत्या.

नातवाच्या जावळाला पुन्हा निपाणीला गेलो तेव्हा शेडमधल्या फळीवर ती बाटली दिसली. अलीकडची हिरण्यकेशी, पलीकडची वेदगंगा, आणि मधे काळपट गाळाची एक बाटली, चिठ्ठीवर मुंग्यांच्या अक्षरात एवढंच: 'पाऊस.' त्यांनी ती मला दाखवली नाही, लपवलीही नाही. मी सांगितलं तेच त्यांनी लिहून ठेवलं होतं. पुढं दोन वर्षं मी तिथं गेलो की त्या फळीकडे पाठ करून बसायचो, आणि घरी आलो की बायको विचारायची, तुमची मान का अवघडते? एका माजी विद्यार्थ्याचा सत्कार होता, त्यात माझ्या हस्ते बक्षिसं वाटली गेली, आणि निवेदकानं 'सत्याचे उपासक' असं माझं वर्णन केलं. घरी येऊन मी जेवलो नाही.

मग या उन्हाळ्यात एक दिवस उठलो आणि गुळाच्या त्या व्यापाऱ्याच्या दुकानात गेलो. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. ते गादीवरून उठले, मला बसवलं, पाणी दिलं. म्हणाले, "सर, तुमच्या व्याह्यांना खोटं कुठं बोलता येतंय? तीनदा देवाशप्पथ म्हणाले, तवाच समजलं. एका अनोळखी पोरासाठी म्हातारा एवढा धडपडतोय म्हणून ठेवला मी त्याला." मारुती गोदामाशी गाडी धूत होता. त्याच्यापुढे मी काय बोललो ते धड आठवत नाही. हात जोडले एवढं आठवतं, कारण त्यानं घाईनं ओल्या हातांनी ते खाली केले. "सर, ते कवाच वाळलं." पण पुढे तो नेहमीसारखा हसला नाही, आणि मला तेच बरोबर वाटलं.

उरले व्याही. त्याच आठवड्यात निपाणीला गेलो. आता एक गोष्ट सांगायची राहिली आहे, ती ही की, गेल्या वर्षापासून त्यांना कमी ऐकू येतं. चाळीस वर्षं वाकळेत डोकं घालून हॉर्न ऐकल्यावर दुसरं काय होणार? हल्ली ते पत्र्यावर बोट टेकवून सूर लावतात. मला हे ठाऊक होतं, पण कबुली देण्याच्या तयारीत ते विसरलो. शेडमध्ये चार ड्रायव्हर चहा पीत बसले होते. मी स्टुलावर बसलो आणि खालच्या आवाजात म्हणालो, "व्याही, त्या दिवशी पाऊस नव्हता."

"आं?"

"पाऊस नव्हता म्हटलं, त्या दिवशी."

"मोठ्यानं बोला, पावणं. ऐकू येत न्हाय."

मग मी ओरडलो. हायवेवरून गाड्या जात होत्या, त्यांच्याही वर आवाज काढून ओरडलो. "पाणी होतं! फरशीवर! मी घालायला लावलं! मारुती नको म्हणत होता! मी झोपलो नव्हतो, मी खोटं बोललो!" ड्रायव्हरांच्या हातातले पेले थांबले. पलीकडचा पानटपरीवाला बाहेर येऊन बघायला लागला. घरातून विहीणबाई आल्या आणि मला बघून पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. माझे कान तापले होते, डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते पुसावं हेही सुचत नव्हतं.

व्याही ऐकत होते. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी नेहमीच्या आवाजात विचारलं, "किती हुतं?"

"दिव्यांच्या काचेपर्यंत."

"आता कसं," ते म्हणाले. उठले, फळीवरून ती बाटली काढली, तिची चिठ्ठी नखानं खरवडली, आणि नवी चिठ्ठी आणि पेन माझ्यापुढे ठेवलं. मी लिहिलं: हिरण्यकेशी, दिव्यापर्यंत. त्यांनी बाटली लांब धरून वाचली. "अक्षर लई झ्याक हाय तुमचं. आधीच तुमच्याकडनं लिवून घ्याय पायजे हुतं."

मग त्यांनी हातातला हॉर्न बॅटरीला जोडला आणि वाकळ पसरली. आत शिरता शिरता थांबले. जरा ओशाळल्यासारखे वाटले, आणि त्यांना ओशाळलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "पावणं, आत येता काय? मला हल्ली सूर गावत न्हाय. पोरं बरा हाय म्हंत्यात, मला बरं वाटावं म्हणून. तुमी ऐका, आणि खरं सांगा."

मी चप्पल काढली आणि वाकळेत डोकं घातलं. आत काळोख होता, पेट्रोलचा वास होता. त्यांनी बटण दाबलं.

"जरा चिरकतोय," मी त्यांच्या कानाशी म्हणालो.

त्यांनी स्क्रू पाव फेरा फिरवला आणि पुन्हा बटण दाबलं.